जावात टक्के दाखवताना: रुईचा उतारा, 62 की 63, आणि आपोआप उमटणारे मराठी आकडे

प्रश्न थोडक्यात असा आहे. धरणगावकडच्या एका जिनिंग-प्रेसिंगसाठी जावामध्ये छोटा प्रोग्राम केलाय. रोज आलेल्या कापसातून किती रुई निघाली, म्हणजे उतारा, तो टक्क्यांत दाखवायचा आहे. कधी 0% येतं, कधी 3,435%. पास झालेल्या गाड्यांचं प्रमाण पडद्यावर 62% दिसतं आणि छापील रिपोर्टात 63%, आकडे मात्र तेच. ऑफिसातल्या एका कॉम्प्युटरवर तर आकडे आपोआप मराठीत उमटतात. टक्का दाखवायची बरोबर पद्धत कोणती? आणि % च्या खुणेआधी जागा सोडायची का?

भाऊ, जागेचं शेवटी बघू. बाकीच्या सगळ्या तक्रारींची मुळी एकाच ठिकाणी आहे. टक्का हा दाखवायचा प्रकार आहे आणि तुम्ही तो हिशोबात फिरवताय. प्रोग्रामच्या आत गुणोत्तर ठेवा, 0.3435 असं. त्याहून बरं म्हणजे मूळ वजनंच ठेवा: कापूस 2000 किलो, रुई 687 किलो. टक्का करायचा तो एकदाच, पडद्यावर किंवा कागदावर जाता जाता. तो करताना तीन गोष्टी आपण स्वतः सांगायच्या: दशांश किती, राउंडिंग (गोल करणं) कसं आणि लोकेल, म्हणजे कोणत्या देश-भाषेच्या रिवाजाने आकडे लिहायचे, ते कोणतं. आपण गप्प राहिलो तर जावा त्या स्वतःच्या मनाने ठरवते, आणि तिचं मन जिनिंगवाल्यांशी जुळेलच असं नाही.

वर्गांची आणि मेथडची नावं मी देवनागरीत लिहितोय. टाइप करताना अर्थातच नेहमीचं स्पेलिंग.

आधी 0% चं बघू. 687 आणि 2000 हे दोन्ही इंट (पूर्णांकाचा प्रकार) असतील तर 687 / 2000 चं उत्तर जावात 0 येतं. पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की अपूर्णांक भाग टाकून दिला जातो. त्यावर मग कितीही सुंदर फॉरमॅट लावा, 0% च दिसणार. बरेच जण उत्तराला बाहेरून डबलचा (दशांश संख्येचा प्रकार) कास्ट (प्रकार बदलायची सूचना) लावतात, म्हणजे कंसात 687 / 2000 आणि कंसाबाहेर डबल. त्याने काही होत नाही, कारण भागाकार आधीच होऊन गेलाय. आता फक्त 0 चं 0.0 होतं. कास्ट भाजकाला किंवा भाज्याला लावा, भागाकाराच्या आधी. आणि 687 * 100 / 2000 असं पूर्णांकातच केलंत तर 34 येतं, 34.35 नाही. हा प्रकार जास्त फसवा, कारण 34 हा उतारा खरा वाटतो. 0% दिसलं की निदान कोणीतरी ओरडतं तरी.

3,435% ची गोष्ट उलटी आहे. नंबरफॉरमॅट.गेटपर्सेंटइन्स्टन्स() हा फॉरमॅट 100 ने स्वतः गुणतो. त्याला 0.3435 द्यायचं असतं. तुम्ही आधीच 100 ने गुणून 34.35 दिलं, त्याने पुन्हा गुणलं आणि वर हजाराचा स्वल्पविरामही टाकला. डेसिमलफॉरमॅटच्या पॅटर्नमध्ये "0.00%" लिहिलं तरी हेच होतं. पॅटर्नमधली % ची खूण नुसती सजावट नसून 100 ने गुणण्याचा हुकूम असते. ‰ ही प्रति-हजाराची खूण लिहिली तर 1000 ने गुणतो. तुमच्याकडे आधीच 34.35 असलेली संख्या येत असेल, समजा जुन्या डेटाबेसमध्ये कोणीतरी तशीच साठवलीय, तर खूण एकेरी अवतरणात ठेवा: "0.00'%'". मग ती नुसतं अक्षर म्हणून छापली जाते आणि गुणाकार होत नाही.

स्ट्रिंग.फॉरमॅटचा रिवाज पुन्हा वेगळा. तिथे टक्क्याच्या खुणेला फॉरमॅटच्या भाषेत आधीच दुसरं काम आहे, म्हणून छापायची खूण दोनदा लिहावी लागते: %.2 च्या पुढे एफ हे अक्षर आणि मग %%. एकच % शेवटी लिहिलात तर अननोनफॉरमॅटकन्व्हर्जनएक्सेप्शन (प्रोग्राम अडवणारी चूक) येतं. आणि इथे 100 ने कोणी गुणत नाही. ते तुम्हीच करायचं. तेव्हा दोन्ही पद्धती एकाच प्रोजेक्टमध्ये मिसळल्या की कोणी दोनदा गुणतं, कोणी एकदाही गुणत नाही. मी सरळ नियम करायला सांगतो: संपूर्ण प्रोजेक्टमध्ये टक्का दाखवणारी एकच मेथड, तिला गुणोत्तर द्यायचं, ती स्ट्रिंग देणार. दुसऱ्या कोणी % ही खूण कोडमध्ये लिहायची नाही.

आता 62 आणि 63. तुमच्या प्रश्नातला हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे, आणि यात प्रोग्रामरची कसोटी लागते.

गेटपर्सेंटइन्स्टन्स() मुळात एकही दशांश दाखवत नाही. 0.3435 दिलंत तर 34% येतं. दशांश हवे असतील तर सेटमॅक्झिममफ्रॅक्शनडिजिट्स(2) सांगावं लागतं, आणि 34.5% ऐवजी 34.50% असं रकान्यात सरळ बसायला हवं असेल तर सेटमिनिममफ्रॅक्शनडिजिट्स(2) पण. नुसतं मिनिमम 2 सांगितलं तरी मॅक्झिमम आपोआप 2 पर्यंत वर जातं. एवढं बहुतेकांना माहीत असतं. माहीत नसतं ते हे की नंबरफॉरमॅटचं राउंडिंग डिफॉल्टने हाफ-इव्हन असतं. बरोबर अर्ध्यावर आलेली संख्या जवळच्या सम अंकाकडे जाते. आपल्या शाळेत शिकवलेलं, "पाच आला की वर चढव", ते हाफ-अप. आणि स्ट्रिंग.फॉरमॅट हाफ-अप वापरतं.

म्हणजे 8 गाड्यांपैकी 5 पास झाल्या, 62.5 टक्के. नंबरफॉरमॅट म्हणतं 62%, कारण 62 सम आहे. स्ट्रिंग.फॉरमॅट म्हणतं 63%. 7 पास झाल्या, 87.5 टक्के, तर दोघंही 88% म्हणतात. 3 पास, 37.5 टक्के, दोघंही 38%. एकच गाडी पास, 12.5 टक्के: एकीकडे 12%, दुसरीकडे 13%. म्हणून तर तुमचे रिपोर्ट कधी जुळतात, कधी नाही, आणि टेस्ट करताना हाताला लागत नाही. तुमच्या पडद्यावर एक पद्धत आणि छपाईत दुसरी आहे, पैजेवर सांगतो.

हाफ-इव्हन वाईट नाही. हजारो आकड्यांची बेरीज करताना सगळे अर्धे वर ढकलले तर बेरीज फुगते. समाकडे वळवले तर फुगवटा आपसांत जिरतो. पण काट्यावरच्या पावतीसमोर उभ्या शेतकऱ्याला किंवा गुणपत्रिका हातात घेतलेल्या पोराला हे पटवायला जाऊ नका. जिथे माणूस मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर पडताळणी करणार आहे तिथे सेटराउंडिंगमोड(राउंडिंगमोड.हाफ_अप) लिहून टाका. ही मेथड जावा 6 पासून आहे, तेव्हा जुन्या मशीनचं निमित्तही चालणार नाही.

एवढं करूनही प्रकरण मिटत नाही. 200 गाठींपैकी 29 गाठी कमी प्रतीच्या निघाल्या. 29 भागिले 200, 0.145, म्हणजे 14.5 टक्के. हाफ-अप लावलंय, तेव्हा 15% यायला हवं. येतं 14%. कारण डबलमध्ये 0.145 ही संख्या तंतोतंत बसतच नाही. साठवलं जातं ते किंचित कमी. फॉरमॅटने त्याला 100 ने गुणलं की 14.499999999999998 होतं, आणि ते अर्ध्याच्या खाली असल्यामुळे इमाने-इतबारे 14 कडे जातं. राउंडिंगने चूक केली नाही. त्याच्या हातात पोचलेली संख्याच अर्ध्याखालची होती. याच कारणाने (इंट)(0.29 * 100) चं उत्तर 28 येतं, कारण गुणाकार 28.999999999999996 होतो आणि इंट शेपूट कापून टाकतो.

यावर दोन उतारे आहेत, कापसातले नव्हे. पहिला सोपा: आधी गुणा, मग भागा. 29 * 100.0 / 200 केलं तर 2900 भागिले 200, बरोबर 14.5, आणि ही संख्या डबलमध्ये तंतोतंत बसते. मग तिला "0'%'" असा न गुणणारा पॅटर्न आणि हाफ-अप. दुसरा उतारा पैशाच्या आणि वादाच्या जागी: बिगडेसिमल, म्हणजे दशांश संख्या तंतोतंत ठेवणारा जावाचा वर्ग. नंबरफॉरमॅटला बिगडेसिमल दिलं तर तो 100 चा गुणाकारही दशांश पद्धतीने अचूक करतो, आणि 0.145 चं हाफ-अपने 15% च होतं.

बिगडेसिमल वापरताना तीन खड्डे. एक, बिगडेसिमल बनवताना कंसात डबल देऊ नका. 0.145 दिलंत तर त्याची ती किंचित कमी असलेली लांबलचक शेपटी जशीच्या तशी आत येते. स्ट्रिंग द्या किंवा व्हॅल्यूऑफ वापरा. आणि तुमच्यासारखी किलोतली वजनं असतील तर पूर्णांकातूनच बनवा. दोन, डिव्हाइडला नुसता भाजक दिला आणि भागाकार न संपणारा निघाला, जसा 1 भागिले 3, तर अरिथमेटिकएक्सेप्शन येतं. किती घरं आणि कोणतं राउंडिंग हे तिथेच सांगा. तीन, ती घरं सढळ हाताने द्या, दहा तरी. कमी घरांत आधी गोल केलं आणि दाखवताना पुन्हा गोल केलं तर संख्या सरकते. 12.446 टक्के सरळ एका दशांशात आणले तर 12.4. पण आधी डेटाबेसमध्ये दोन घरांत 12.45 म्हणून साठवले आणि मग हाफ-अपने एका घरात आणले तर 12.5. म्हणूनच वर म्हटलं, टक्के साठवू नका.

तुमच्या आधीचं कोणाचं कोड जुन्या जावावर चालत असेल तर एक बारीक गोष्ट: जावा 8 मध्ये नंबरफॉरमॅटचं अर्ध्याजवळचं वागणं दुरुस्त झालं. 0.8055 तीन घरांत दाखवायला सांगितलं की जावा 7 मध्ये 0.806 यायचं आणि 8 पासून 0.805 येतं, कारण साठवलेली खरी संख्या 0.8055 पेक्षा जराशी कमी आहे. जुना रिपोर्ट आणि नवा रिपोर्ट शेवटच्या अंकात जुळत नसेल तर आधी दोन्हीकडचं व्हर्जन बघा.

हे सगळं शेवटच्या अंकासाठी कशाला, असं वाटेल. तुमच्याच धंद्यातलं घ्या. भारतीय कापूस महामंडळाच्या, म्हणजे सीसीआयच्या, हमीभावाच्या खरेदीत ओलावा 8 ते 12 टक्क्यांत लागतो. 8 च्या वर गेला की भाव कापला जातो, 12 च्या वर माल घेत नाहीत. आता मीटरने दाखवलं 12.4. तुमच्या कोडने आत 0.124 ची 0.12 शी तुलना केली आणि माल नाकारला, बरोबर केलं. पण पावतीवर गेटपर्सेंटइन्स्टन्स() ने छापलं 12%. चोपड्याहून रात्री ट्रॅक्टर भरून आलेला माणूस ती पावती हातात धरून विचारणारच: "बारा तर लिहिलंय, मग माल का नाही घेतला भो?" त्याचं काय चुकलं? आणि याहून वाईट म्हणजे कोणी दाखवलेल्या स्ट्रिंगमधूनच आकडा परत काढून तुलना केली, तर 12.4 चा माल पास. मीटर जितके दशांश देतो तितके पावतीवर छापा, त्याहून कमी नको आणि शोभेसाठी जास्तही नको. निर्णय नेहमी मूळ आकड्यावर. आणि 8 वरून 12 वर गेलेल्या ओलाव्याला रिपोर्टात "4 टक्क्यांनी वाढ" लिहू नका. वाढ 4 टक्के-बिंदूंची आहे, प्रमाणात ती 50 टक्के आहे. बदलाचा रकाना करणार असाल तर कोणता आकडा दाखवताय ते रकान्याच्या डोक्यावर लिहा.

तुमच्या रिपोर्टात रुई, सरकी आणि घट असे तीन रकाने असणारच. समजा रुई 34.3, सरकी 63.4, घट 2.3. बेरीज 100. दशांश काढून टाकले की 34, 63, 2, आणि बेरीज 99. मालक पहिल्यांदा हीच बेरीज करून बघतो, हा सार्वत्रिक अनुभव आहे. एक किलो गेला कुठे, म्हणतो. इथे राउंडिंग मोड बदलून काही मिळणार नाही, कारण कोणताही आकडा अर्ध्यावर नाहीये. एक दशांश दाखवा, प्रश्न बहुतेक वेळा सुटतो. पूर्णांकच हवेत असा हट्ट असेल तर आधी सगळ्यांचा अपूर्णांक भाग कापा, बेरीज 100 ला जितकी कमी पडेल तितके एकेक अंक सगळ्यात मोठा अपूर्णांक असलेल्यांना वाटा. इथे एक अंक कमी पडतो, सरकीचा 0.4 सगळ्यात मोठा, म्हणून सरकी 64. आलेखासाठी ठीक आहे. ज्यावर पैसे ठरतात त्या कागदावर मात्र मी हे करणार नाही. तिथे 99 चालेल, खाली एक ओळ लिहा की आकडे पूर्णांकात आणले आहेत.

आता मराठी आकड्यांचं. त्या कॉम्प्युटरवर विंडोजच्या प्रादेशिक सेटिंगमध्ये कोणीतरी मराठी निवडलंय. तुम्ही लोकेल सांगितलं नाही की जावा मशीनचं डिफॉल्ट लोकेल घेते. जावा 9 पासून लोकेलची माहिती डिफॉल्टने सीएलडीआर या युनिकोडच्या संग्रहातून येते, आणि त्यात मराठीसाठी देवनागरी अंक हेच नेहमीचे अंक म्हणून नोंदलेले आहेत. म्हणून तुमचा 12% तिथे १२% होतो. स्ट्रिंग.फॉरमॅटचेही आकडे तसेच बदलतात. त्यात काही बिघाड नाही. उलट गावातल्या माणसासाठी पावती असेल तर १२.४% छान दिसतं. अडचण येते ती पुढे. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरला देवनागरी अक्षरसंच ठाऊक नसेल तर प्रश्नचिन्हं छापली जातात. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी) फाइल करून दुसऱ्या प्रोग्रामला दिली तर डबल.पार्सडबल "१२.४" वर एक्सेप्शन फेकतं. गंमत अशी की इंटिजर.पार्सइंट "१२" मुकाट्याने वाचतं आणि बिगडेसिमल "१२.४" सुद्धा वाचतं, कारण ते दोघं युनिकोडमधला कोणताही दशमान अंक मानतात. म्हणजे अर्धं कोड चालतं, अर्धं पडतं, आणि शोधणारा दिवसभर डोकं खाजवतो.

उपाय: लोकेल नेहमी हाताने द्या. मशीनने वाचायच्या फाइलसाठी लोकेल.रूट, म्हणजे कोणत्याच देश-भाषेचं नसलेलं. माणसासाठी मराठी हवं पण अंक इंग्रजीच ठेवायचे असतील तर लोकेल.फॉरलँग्वेजटॅग ला मराठी-भारताच्या टॅगपुढे यू, एनयू आणि लॅटिन अंकांचा संकेत जोडून द्यायचा. ही सोय जावा 7 पासून आहे. देवनागरीच हवेत तर नुसतं मराठी-भारत द्या, पण ते तुम्ही ठरवून दिलेलं असू द्या, विंडोजने नव्हे. रावेर-यावलची केळी बाहेर पाठवणाऱ्या कोणासाठी पुढे काम कराल तर हीच सवय उपयोगी पडेल. जर्मन लोकेलमध्ये दशांशाला स्वल्पविराम येतो आणि % च्या आधी न तुटणारी जागा. तुर्कीत खूण आकड्याच्या आधी येते, %12. फारसीत अंकही वेगळे आणि खूणही वेगळी. हे सगळं फॉरमॅट स्वतः करतो, म्हणूनच आकड्याला हाताने "%" जोडायची सवय मोडा. एक मर्यादा मात्र आहे: लाख-कोटीसारखे दोन-दोन अंकांचे गट डेसिमलफॉरमॅटला जमत नाहीत, तो पॅटर्नमधला शेवटचाच गट सगळीकडे लावतो. टक्क्यांत याचा त्रास सहसा होत नाही. रुपयांत होतो, आणि तिथे आयसीयू4जे ही लायब्ररी घ्यावी लागते.

हंगामाच्या सुरुवातीला, दिवाळीच्या आगेमागे, एखाद्या दिवशी आवक शून्य असते. 0.0 भागिले 0 डबलमध्ये एक्सेप्शन देत नाही, नॅन देतं, म्हणजे "संख्या नाही". नव्या जावात पडद्यावर तेच इंग्रजी अक्षरांत दिसतं, जावा 8 मध्ये चौकटीतलं प्रश्नचिन्ह, आणि दोन्हीकडे % गायब. वरचा आकडा शून्य नसेल आणि खालचा शून्य असेल तर ∞% असं अनंत दिसतं. पूर्णांकात भागलंत तर थेट अरिथमेटिकएक्सेप्शन. म्हणून भाजक शून्य आहे का हे आधी बघा आणि असेल तर आडवी रेघ छापा. 0% छापू नका. आवकच नव्हती आणि आवक होती पण काहीच निघालं नाही, या दोन वेगळ्या बातम्या आहेत.

तसाच एक चिल्लर त्रास: घटीचा फरक -0.002 असला आणि दशांश शून्य असले तर -0% छापलं जातं. डेसिमलफॉरमॅट ऋण चिन्ह सोडत नाही. आधी बिगडेसिमलमध्ये गोल करून घेतलं तर सुटका होते, कारण बिगडेसिमलला ऋण शून्य माहीतच नाही.

तुमचा प्रोग्राम पुढे वेबवर जाणार असेल तर फॉरमॅटचा एकच ऑब्जेक्ट स्टॅटिक करून सगळ्यांना वाटू नका. नंबरफॉरमॅट आणि डेसिमलफॉरमॅट थ्रेड-सेफ नाहीत, म्हणजे एकाच वेळी अनेकांनी वापरायला सुरक्षित नाहीत. एकाच वेळी दोन विनंत्या आल्या की एकाचा आकडा दुसऱ्याच्या पावतीवर जाऊ शकतो, आणि हे तुमच्या लॅपटॉपवर कधीच दिसणार नाही. ऐन हंगामात, काट्यावर रांग लागलेली असताना दिसेल. दर वेळी नवा बनवा. त्याचा खर्च तुमच्या कामाच्या मानाने नगण्य आहे. खरोखर लाखो ओळी छापायच्या असतील तर थ्रेडलोकल, म्हणजे प्रत्येक थ्रेडला स्वतःची वेगळी प्रत.

उलटी वाट, म्हणजे माणसाने टाइप केलेला टक्का वाचणं. गेटपर्सेंटइन्स्टन्स() चं पार्स इंग्रजी लोकेलमध्ये "12.5%" ला 0.125 करतं. पण नुसतं "12.5" दिलं तर पार्सएक्सेप्शन, आणि मध्ये एक जागा सोडून "12.5 %" दिलं तरीही. उलट "12.5% अंदाजे" असं लिहिलं तर तक्रार न करता 0.125 घेतं, कारण जिथपर्यंत समजलं तिथपर्यंत वाचून ते थांबतं. माणसांच्या टायपिंगसमोर ही वाट टिकत नाही. चौकटीत फक्त आकडा घ्या, % ची खूण चौकटीबाहेर लेबल म्हणून लावा, आणि आलेल्या आकड्याचं बिगडेसिमल करून मूव्हपॉइंटलेफ्ट(2) करा. कोणी १२.५ टाइप केलं तरी चालेल, ते वर आलंच.

एक्सेल फाइल काढून देत असाल, आणि जिनिंगचे सीए एक्सेलशिवाय बोलत नाहीत, तर अपाचे पीओआय या एक्सेल फाइल बनवणाऱ्या लायब्ररीत सेलमध्ये "34.35%" ही स्ट्रिंग टाकू नका. 0.3435 ही संख्या टाका आणि सेलच्या स्टाइलला "0.00%" हा डेटा फॉरमॅट लावा. एक्सेलचा नियम जावासारखाच आहे, खूण पॅटर्नमध्ये असली की 100 ने गुणून दाखवायचं. स्ट्रिंग टाकलीत तर त्यांची सरासरीची सूत्रं त्या सेलला ओलांडून पुढे जातात आणि फोन तुम्हाला येतो. मात्र सरासरीचं म्हणाल तर रोजच्या उताऱ्यांची सरासरी हा महिन्याचा उतारा नव्हे. एके दिवशी 2000 किलो कापूस आणि 36 टक्के, दुसऱ्या दिवशी 20000 किलो आणि 33 टक्के, तर नुसती सरासरी 34.5 येते. खरी रुई 720 अधिक 6600, 7320 किलो, भागिले 22000, म्हणजे 33.27 टक्के. सीएंना त्या फाइलमध्ये वजनांचे दोन रकाने द्याच.

राहिली % च्या आधीची जागा. मराठीत आकड्याला खूण चिकटवूनच छापतात, आणि सीएलडीआरची मराठी नोंदही जागा सोडत नाही. तेव्हा सोडू नका. पावतीवर खुणेऐवजी "टक्के" असा शब्दच हवा असेल तर गेटपर्सेंटइन्स्टन्स() ने दिलेला फॉरमॅट डेसिमलफॉरमॅटमध्ये कास्ट करून सेटपॉझिटिव्हसफिक्स ला " टक्के" द्या, पुढे एक जागा ठेवून. 100 चा गुणाकार तसाच राहतो, फक्त शेपूट बदलतं. सेटनेगेटिव्हसफिक्स पण वेगळं द्यावं लागतं, नाहीतर घटीच्या रकान्यात एका ओळीत "टक्के" आणि ऋण आकडा आला की पुढच्या ओळीत पुन्हा "%".